पंधराशेच्या आत

पोकेमॉन गोमध्ये पकडलेल्या प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर एक आकडा ठळक दिसतो. तो सीपी. नवा खेळाडू तेवढाच वाचतो आणि ज्याचा सीपी मोठा तो बलवान, असं धरून चालतो. त्या आकड्याच्या पोटात आणखी तीन आकडे दडलेले असतात: हल्ला, बचाव आणि तग. प्रत्येक जातीचे हे तिन्ही मूळ आकडे ठरलेले असतात, आणि एखादा प्राणी सापडतो तेव्हा त्या प्रत्येकात नशिबानं ० ते १५ अशी भर पडते. या भरीला खेळाडू आयव्ही म्हणतात. पुढे प्राण्याला कितीही पॉवर अप केलं तरी ही भर बदलत नाही. तीन आकडे, प्रत्येकाच्या १६ शक्यता. म्हणजे वरून एकसारख्या दिसणाऱ्या एकाच जातीत ४०९६ प्रकार.

तिन्हींत १५ आले की तो ‘हंडो’, शंभर टक्क्यांचा. खेळ जुलै २०१६ मध्ये आला, आणि पुढची जवळपास अडीच वर्षं हंडोच सर्वांत चांगला याबद्दल फारशी शंका कुणाला नव्हती. जिम पाडायचं असो की रेड नावाच्या सामूहिक लढतीतला बॉस, घड्याळ चालू असे आणि भराभर मारणारा प्राणी हवा असे. हल्ल्यात शून्य भर असलेला प्राणी सापडला तर लोक त्याला एका कँडीच्या बदल्यात प्रोफेसरकडे ट्रान्सफर करून मोकळे होत.

डिसेंबर २०१८ मध्ये खेळाडूंच्या आपसांतल्या लढती सुरू झाल्या. ग्रेट लीगमध्ये १५०० सीपीपर्यंतचेच प्राणी, अल्ट्रा लीगमध्ये २५०० पर्यंतचे, आणि मास्टर लीगला मर्यादाच नाही. एवढा एक नियम आला आणि आदल्या दिवशीपर्यंत टाकाऊ असलेले प्राणी लोक शोधू लागले.

कारण सीपी काढण्याच्या सूत्रात आहे. त्यात हल्ला आहे तसा पूर्ण धरतात. बचाव आणि तग यांचं मात्र वर्गमूळ घेतात. त्यामुळे हल्ल्यातली भर सीपी झपाट्यानं वाढवते आणि बाकीच्या दोन्हींतली भर बेतानं. वर मर्यादा नसेल तेव्हा याचा काहीच त्रास नाही. पण १५०० च्या वर जायचंच नाही म्हटल्यावर हल्ल्याची प्रत्येक भर मर्यादेतली जागा खाते. तीच जागा वाचवली तर पॉवर अप करून प्राण्याची लेव्हल आणखी वर नेता येते, आणि लेव्हलबरोबर बचाव आणि तग दोन्ही वाढतात. कुस्तीच्या वजनगटासारखंच हे आहे. काट्यावर दोन्ही मल्ल सारखेच भरतात; ते वजन अंगात कुठे मुरलं आहे, यावर कुस्ती ठरते.

अझुमरिलचं उदाहरण घेऊ. निळा, गोल पोटाचा, सशाच्या कानांचा हा प्राणी ग्रेट लीगमध्ये वर्षानुवर्षं उतरवला जातो. हंडो अझुमरिल छत्तिसाव्या लेव्हलला १४९७ सीपीवर पोहोचतो आणि तिथेच थांबवावा लागतो. तेव्हा त्याचा तग १८४, बचाव सुमारे १२८ आणि हल्ला सुमारे ९७ असतो. आता हल्ल्यात ० आणि बाकी दोन्हींत १५ असलेला अझुमरिल घ्या. तो साडेपंचेचाळिसाव्या लेव्हलपर्यंत चढतो आणि १४९९ वर थांबतो. त्याचा तग १९६, बचाव १३६. हल्ला मात्र ९१. पडद्यावर दोघांच्या सीपीत दोनाचा फरक दिसतो, पण दुसरा मैदानात जास्त वेळ उभा राहतो. त्या जास्तीच्या वेळात फास्ट अटॅकच्या जोरावर भरत जाणारा एक मोठा फटका, म्हणजे चार्ज्ड अटॅक, अधिक भरला, तर हल्ल्यात गेलेलं सव्याज परत मिळतं.

२०२० च्या अखेरीपर्यंत प्राण्याची लेव्हल ४० च्या पुढे जात नसे. त्या काळात शून्य हल्ल्याचा अझुमरिल १४०० वरच अडकायचा, आणि ८, १५, १५ अशी भर असलेला बरोबर १५०० ला पोहोचायचा. तेव्हा सगळे त्याच्यामागे होते. लेव्हलची मर्यादा ५० झाली आणि शून्यवाला ग्रेट लीगसाठीच्या सर्वोत्तम आयव्हींच्या यादीच्या वरच्या टोकाला गेला. त्या दोन प्राण्यांत त्या दिवशी काही म्हणता काही बदललं नव्हतं. या खेळात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलेली गोष्ट हीच. चांगलं-वाईट आपण प्राण्याला चिकटवून टाकतो, आणि ते बरंचसं बाहेरच्या मर्यादेनं ठरलेलं असतं.

आमच्या इमारतीतली नववीतली मुलगी परवा फोन पुढे करून म्हणाली, “काका, हा मारिल दोनच स्टारचा निघाला. ट्रान्सफर करून टाकते.” मारिलचाच पुढे अझुमरिल होतो आणि त्याच्या आयव्ही तशाच राहतात, म्हणून मी म्हटलं, “थांब गं, आधी पट्ट्या दाखव.” तिनं अप्रेझ केलं. तीन आडव्या पट्ट्या उघडल्या. हल्ल्याची पूर्ण रिकामी, खालच्या दोन्ही काठोकाठ भरून लालसर झालेल्या. ०, १५, १५. पंचेचाळिसातले तीस म्हणून खेळानं त्याला दोन स्टार दिले होते. या पट्ट्या तरी २०१९ पासून दिसतात. त्याआधी टीम लीडर दोन-चार मोघम वाक्यं बोलायचा आणि खेळाडू त्यावरून कागदावर आकडेमोड करत बसायचे. स्टार खोटे नाहीत. ते बेरीज सांगतात, आणि बेरजेतून मांडणी कळत नाही. जंगलात असा नेमका एक प्राणी ४०९६ त एकदा सापडायचा, हे तिला सांगितल्यावर तिनं त्याचं नाव बदलून तिथे तीन आकडेच लिहिले, चुकूनही हात पडू नये म्हणून.

असे प्राणी मिळवायचे कुठून, याचे नियम तर फारच विचार करण्याजोगे आहेत. रेडमध्ये जिंकलेल्या किंवा अंड्यातून निघालेल्या प्राण्याला प्रत्येक आकड्यात किमान १० ची भर मिळतेच. म्हणजे कष्टाचं बक्षीस म्हणून मिळालेला प्राणी शून्य हल्ल्याचा असूच शकत नाही. अनुकूल हवामानात जंगलात सापडलेल्याला किमान ४. मित्राशी अदलाबदल केली की भर नव्यानं ठरते, पण तिची खालची मर्यादा मैत्रीबरोबर वाढत जाते. गुड फ्रेंडशी केली तर ती १ पर्यंत खाली येऊ शकते. नव्वद दिवसांच्या देवाणघेवाणीनंतर झालेल्या बेस्ट फ्रेंडशी केली तर ५ च्या खाली नाही. लकी ट्रेड असेल तर तिन्ही आकडे किमान १२. जवळच्या माणसाकडून कमी प्रतीचं काही येऊ नये, अशी काळजी खेळ बनवणाऱ्यांनी घेतली आहे, आणि मास्टर लीगच्या खेळाडूला ती मोलाची आहे. ग्रेट लीगसाठी हल्ल्यात शून्याजवळचा प्राणी हवा असलेल्याला मात्र नुकत्याच ओळख झालेल्या माणसाकडे जावं लागतं. अनोळखी दोन खेळाडू बागेत किंवा स्टेशनबाहेर भेटून एकमेकांचे प्राणी पुन्हा पुन्हा बदलून बघतात, त्यामागे हे गणित असतं. त्यातून ओळख वाढते, आणि ओळख वाढली की या कामासाठी तो मित्र उपयोगाचा राहत नाही.

यादीतला पहिला क्रमांक हातात आला म्हणजे लढत जिंकली, असं मात्र नाही. दोघांनी एकाच क्षणी चार्ज्ड अटॅक सोडला, तर ज्याचा हल्ला जास्त त्याचा आधी बसतो. समोर दुसरा अझुमरिलच आला तर शून्यवाला इथे मागे राहतो, आणि कधी तेवढ्यावर सामना जातो. शिवाय फटक्याचं नुकसान पूर्णांकातच मोजलं जातं. हल्ला जरा वाढला आणि ३ चा फटका ४ चा झाला, तर मार एकदम तिसऱ्या हिश्शानं वाढतो. तसं झालं नाही, तर ती वाढ जवळजवळ वाया जाते. म्हणून जाणते खेळाडू कधी कधी मुद्दाम थोडा जास्त हल्ला असलेला प्राणी निवडतात. ऑगस्ट २०२२ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत पोकेमॉन गो पहिल्यांदा खेळला गेला तो १५०० च्याच मर्यादेत. अशा स्पर्धेत सहा प्राण्यांतून प्रत्येक लढतीसाठी तीन निवडायचे, चार्ज्ड अटॅक अडवायला हाताशी दोन शील्ड, आणि समोरच्याचे फास्ट अटॅक मनात मोजत राहायचं. त्या मोजणीत एक चूक झाली तर तगाचे जास्तीचे बारा गुण कुठल्या कुठे जातात. पट्ट्यांवर तासन्‌तास घालवणाऱ्यांनी त्यातला निम्मा वेळ मोजणीच्या सरावाला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या मुलीनं दोन्ही धरलं आहे. चाळिसाव्या लेव्हलच्या पुढे जायला एक्सएल कँडी लागते आणि ती सावकाश जमते. तोवर थांबायचं का, असं तिनं विचारलं, तेव्हा आम्ही दोघांनी बसून हिशेब केला. चाळिसाव्या लेव्हलला तिचा अझुमरिल १४०० सीपीचाच राहील, मर्यादेच्या शंभर खाली. पण त्याचा तग १८९ भरेल आणि बचाव १३१, म्हणजे १४९७ च्या हंडोपेक्षा दोन्ही जास्त. तिनं पॉवर अपला लागणारं स्टारडस्ट खर्च केलं आणि त्याच संध्याकाळी त्याला ग्रेट लीगमध्ये उतरवलं.