हट्ट की चिकाटी?

वाचकहो, हट्टी माणसाला कोणी हट्टी म्हटले की तो लगेच उत्तर देतो, ‘हा हट्ट नाही, ही माझी चिकाटी आहे.’ आणि दुसऱ्याची चिकाटी आपल्या आड आली की आपण तिला खुशाल हट्ट म्हणतो. मग या दोहोंत खरा फरक तरी काय? हा प्रश्न आम्हाला कोणत्याही ग्रंथाने विचारला नाही. मानखुर्दला, आमच्या इमारतीखाली, गाडीच्या एका बोल्टने तो विचारला.

गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली. तिचा टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली होती. हा रबरी पट्टा खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखतो. चालत्या गाडीत तो तुटला, तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि मोठा खर्च उभा राहतो. गॅरेजची मजुरी वाचवावी म्हणून आम्ही तो घरीच बदलायचे ठरवले. मदतीला नववीत शिकणारा भाचा होता. पट्ट्यापर्यंत पोचायला आधी क्रँकशाफ्टच्या टोकाची पुली काढावी लागते, आणि आमच्या गाडीत ती मधोमध एकाच जाड बोल्टने आवळलेली होती.

तो बोल्ट काही हलेना. पान्याला जोर दिला की बोल्टबरोबर इंजिनच फिरे. मग गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली आणि आमच्या सौभाग्यवतींना आत बसवून ब्रेक दाबायला सांगितला. इंजिन फिरायचे थांबले, पण बोल्ट जागचा हलला नाही. काही गाड्यांत हा बोल्ट २५ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास आवळायला सांगितलेला असतो. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला २५ किलो वजन टांगावे इतका. शिवाय वर्षानुवर्षे इंजिनाची उष्णता आणि गंज लागून तो आणखीच घट्ट बसतो.

आम्हाला राग चढला. ज्या कोणी मेकॅनिकने पूर्वी तो आवळला असेल त्याचा मनोमन उद्धार केला. दोन फुटी टॉमीवर लोखंडी पाईप चढवला, भाच्याला म्हटले, ‘गोटी दाबून धर,’ आणि पाईपवर पाय देऊन अंगाचा सगळा भार टाकला. गोटी बारा कोनांची, जराशी झिजलेली. ती निसटली आणि पाईप दाणकन खाली आपटला. भाच्याचा हात थोडक्यात वाचला. बोटांची सालटी निघाली आणि रक्त आले, पण आणखी बोटभर इकडे असता तर हाड मोडले असते.

यानंतर तो पोरगा जे बोलला ते आम्ही अजून विसरलो नाही. रडवेल्या आवाजात तो म्हणाला, ‘मामा, माझ्याच्यानं नीट धरलं गेलं नाही.’

चूक आमची आणि माफी त्याची! तरीही, सांगायला लाज वाटते, त्याच्या बोटांना पट्टी बांधून झाल्यावर आम्ही पुन्हा त्याच बोल्टकडे वळलो. आता शेवटची युक्ती करायची होती. टॉमी जमिनीला टेकवून ठेवायची आणि स्टार्टरचा एक झटका द्यायचा. क्रँकशाफ्ट फिरतो, बोल्ट टॉमीने अडकून राहतो आणि सैल होतो. कित्येक गॅरेजांत असे करतात.

इतक्यात आमच्या मजल्यावरचे काका खाली आले. आयुष्यभर त्यांनी बसगाड्यांची इंजिने उघडली आहेत. त्यांनी हात लावला नाही, फक्त तीन प्रश्न विचारले. ‘तुझं इंजिन कोणत्या बाजूला फिरतं, ते पाहिलंस का? इंजिनाला धरून कोण राहणार? आणि बोल्ट अचानक सुटला, नाहीतर गोटी निसटली, तर पोराचा हात कुठं असेल?’

एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. काकांनी समजावले की बहुतेक इंजिने पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, म्हणून तिथे ती युक्ती चालते. पण होंडाच्या कित्येक जुन्या इंजिनांचा क्रँकशाफ्ट उलट्या दिशेने फिरतो. तिथे तोच झटका बोल्टला आणखी आवळतो. आणि दिशा बरोबर असली तरी टॉमी उसळून कोणाच्या अंगावर जाईल, याचा नेम नाही.

काम तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याहून सहा कोनांची चांगली गोटी आणली, कारण ती बोल्टच्या डोक्याला सर्व बाजूंनी घट्ट धरते. पुलीच्या मधल्या खाचेत बसणारे, तिला धरून ठेवणारे हत्यार एका गॅरेजवाल्याकडून मागून आणले. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले. तेलाने किती काम केले सांगता येणार नाही, पण त्या रात्रीत आमचा राग मात्र उतरला. सकाळी टॉमी वाकडी होऊ नये म्हणून तिला खालून स्टँडचा टेकू दिला, भाच्याला दूर उभे केले आणि सावकाश भार वाढवत नेला. काडकन आवाज झाला, आणि बोल्ट सुटला.

वाचकहो, दोन्ही दिवशी बोल्ट तोच होता आणि आमचा निश्चयही तोच होता. मग पहिल्या दिवशीचा तो हट्ट आणि दुसऱ्या दिवशीची चिकाटी, असे आम्ही कशावरून म्हणतो? बोल्ट सुटला म्हणून? नाही. नुसत्या यशावरून हे ठरत नाही. पहिल्या दिवशी तो नशिबाने सुटला असता, तरी तो हट्टच ठरला असता.

आम्हाला एक फरक असा दिसतो, की हट्ट हरला की जोर वाढवतो, आणि चिकाटी हरली की प्रश्न विचारते. आमच्या प्रत्येक नव्या प्रयत्नात दांडा तेवढा लांब होत गेला, समज होती तिथेच राहिली.

दुसरा फरक किमतीचा. कोणी म्हणेल, चिकाटीची किंमतही घरच्यांना मोजावी लागतेच की! खरे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्याची झळ त्यांच्या बायकामुलांनी सोसली. तो हट्ट होता की चिकाटी, आणि हट्ट असेल तर कोणत्या बाजूचा, यावर आजही वाद होतो. तेव्हा दुसऱ्याला झळ लागली एवढ्यावरून निर्णय करता येत नाही. विचारायचे ते हे, की जो झळ सोसणार त्याला आपण आधी विचारले का? त्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक होती का? मामाने सांगितल्यावर नववीतला भाचा ‘नाही’ कसा म्हणणार? ज्याला नकार देता येत नाही, त्याचा हात आपल्या निश्चयाच्या वाटेत ठेवणे, हा आम्हाला हट्टाचा सर्वांत वाईट प्रकार वाटतो. आणि त्याची खूण अशी, की शेवटी माफीही तोच मागतो.

हे गाडीपुरते नाही. मुलाने अमुकच शिक्षण घ्यावे म्हणून आपण दरवर्षी जोर वाढवतो, भावाशी वाटणीच्या भांडणात वकील बदलत राहतो, म्हाताऱ्या वडिलांनी घर विकायला ‘हो’ म्हणावे म्हणून रोज तोच विषय काढतो. तिथे हे दोन प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत.

पट्टा बदलून झाल्यावर पुली पुन्हा बसवायची वेळ आली. किती घट्ट आवळायचा ते पुस्तकात पाहिले आणि बोल्ट तेवढाच आवळला. तो ढिला राहिला, तर पुली डगमगते आणि क्रँकशाफ्टची खाच झिजते. ज्याच्या घट्टपणाला आम्ही नावे ठेवत होतो, त्याच्याच भरवशावर इतकी वर्षे गाडी चालली होती. त्या अनोळखी मेकॅनिकने आपले काम चोख केले होते.

संध्याकाळी आम्ही भाच्याला जवळ बसवून सांगितले, ‘तू नीट धरलं होतंस. चूक मामाची होती.’ तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘मामा, पुढच्या वेळी पण मी मदतीला येऊ ना?’

आम्ही म्हटले, ‘ये. पण नको वाटलं तर नाही म्हणायचं.’