बिबट्याला ऐकवलेला वग

रातपाळीची लाईट असली की निरगुडसरच्या शिवारात उसाच्या फडाफडातून मैफली रंगतात. एका बांधावरून लोकगीतं, पलीकडून कीर्तन, आणि आमच्या आळीतले एक अण्णा तर जुन्या तमाशाचा वग लावून मोबाईल कमरेला अडकवतात. एकट्यानं दारं धरायला जायचं तर बिबट्याला आपली चाहूल आधीच लागलेली बरी, म्हणून आवाज मोठा ठेवायचा. वनखात्याची माणसंही हेच सांगतात. अण्णांचं म्हणणं असं की, गाण्यापेक्षा बोलणं बरं. जनावराला वाटतं चार माणसं आहेत. सोंगाड्या मावशीला टोला हाणतो, रेकॉर्डिंगमधलं पब्लिक खो-खो हसतं, त्यांच्याबरोबर अण्णाही हसतात. बिबट्याचा अभिप्राय अजून आलेला नाही.

या रेकॉर्डिंगमधलं हसू मला मोलाचं वाटतं, कारण आकाशवाणीच्या विनोदाला ते कधी लाभलं नाही. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेतले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत घराघरांत पोचले होते. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू, प्रभाकर जोशी ही आवाजाची माणसं. पण त्यांचा विनोद घडायचा तो बंद स्टुडिओत. समोर माइक, काचेपलीकडे तंत्रज्ञ, आणि हसायला कोणी नाही. वाक्य टाकल्यावर किती थांबायचं, हे अंदाजानं ठरवायचं. लांबलं तर विनोद पडतो, लवकर उचललं तर पुढचं वाक्य ऐकणाऱ्याच्या हसण्यात बुडतं. तो अंदाज बरोबर निघायचा, ही त्यांची खरी करामत. मोकळी सोडलेली जागा भरायची ती शिंप्याच्या दुकानात, किराणावाल्याच्या फळीवर, नाहीतर ज्याच्या घरी सेट आहे त्याच्या ओसरीवर. सेटला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, सेल महाग. त्यामुळे आळीत एखादाच रेडिओ आणि त्याभोवती दहा-बारा माणसं. मुंबईच्या मध्यमवर्गीय संसाराच्या कुरबुरी ऐकून आमच्याकडच्या बाया का हसत होत्या, असा प्रश्न पडतो. मला वाटतं, एकमेकींकडे बघून हसत होत्या.

हे नुसतं वाटणं नाही, त्यामागे एका जुन्या प्रयोगाचा आधार आहे. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झालं. गदिमा आणि बाबूजींचं ‘गीतरामायण’ तिथून 1 एप्रिल 1955पासून वर्षभर गाजलं, ते सर्वांना पाठ आहे. पण ते चालू असतानाच, फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या काळात, त्याच केंद्रावरून दुसरा एक प्रयोग झाला आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. युनेस्कोच्या मदतीनं पुणे आणि आसपासच्या मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली गेली. कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली कल्पना होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. चावडीत नाहीतर शाळेत मंडळी जमायची, कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर वाद घालायची. शंका, ठराव, तक्रारी पुण्याला कळवल्या जायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. जिथे मंडळं होती त्या गावांत लोकांची माहिती झपाट्यानं वाढलेली दिसली. मंडळ नसलेल्या गावांत, मग तिथे रेडिओ का असेना, वाढ नगण्य होती. रेडिओवाल्यांना हे जरा झोंबायला हवं होतं. नुसता सेट नेऊन ठेवल्यानं काही होत नव्हतं. ऐकून झाल्यावरच्या भांडणात सगळं होत होतं. माहितीच्या बाबतीत जे मोजून दिसलं, ते करमणुकीलाही लागू पडतं असं माझं मत आहे. श्रुतिका अर्धीच प्रक्षेपित व्हायची, उरलेली ओसरीवर पुरी व्हायची.

पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस अनेक वर्षं होता. खेड्यातल्या माणसाचं बोलणं ज्याच्या कानात मुरलेलं, असा लेखक सरकारी खुर्चीत बसावा हे आपलं भाग्य. तरीही आमच्या भागाची करमणूक रेडिओत पुरती मावली नाही. नारायणगाव इथून हाकेच्या अंतरावर. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांना 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपती पदकं मिळाली, पण त्यांची खरी पावती पटातली माणसं द्यायची. सोंगाड्या पब्लिक बघून बोलतो. समोर पाटील बसला असेल तर पाटलाला चिमटा, पाऊस लांबला असेल तर सरकारला. लोकसंगीताच्या कार्यक्रमात लावणी आली, गण-गवळण आली, पण संहिता आधी तपासून घेणाऱ्या स्टुडिओत सोंगाड्याला काय सुचणार?

आता सगळंच हाताशी आहे. गीतरामायण मोबाईलवर, आकाशवाणी ॲपवर, कथा-कादंबऱ्या ऑडिओबुकात. शेजारच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अँटेना आकाशातली रेडिओ कुजबुज टिपत असतात, आणि त्यांच्या पल्ल्यातल्या गावांत प्रत्येकाच्या कानात इअरफोनचं स्वतंत्र बोंड. जुन्या श्रोत्यांना हे एकलकोंडं ऐकणं खुपतं. मला तितकंसं नाही. चावडीवर बसायचे ते पुरुष, आणि ओसरीवरच्या रेडिओचा कान पिळायचा हक्कही घरच्या कर्त्याचा. सासरा बातम्या ऐकणार, तर सून ‘वनिता मंडळ’ चुलीपाशी बसून जमेल तेवढं ऐकणार. आज तीच सून कांदा निवडताना कानात बोंडं घालून हवी ती कादंबरी ऐकते, तीही मधेच कोणी बंद न करता. एकत्र ऐकण्याचे गोडवे गाताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

नव्या कार्यक्रमांत मला उणीव जाणवते ती वेगळीच. मराठी पॉडकास्टमध्ये दोघं-तिघं समोरासमोर बसतात आणि आपसातच हसतात. टेकाडे भावजी आमच्यासाठी जागा सोडत होते. इथे ती जागा आधीच भरलेली असते. किती जणांनी ऐकलं याचा आकडा त्यांना मिळतो, पण कुठल्या वाक्याला निरगुडसरचा माणूस हसला आणि कुठे त्यानं ‘काय पण’ म्हणून पुढे ढकललं, याचा त्यावरून काय पत्ता लागणार? म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी किंवा बारामतीची वसुंधरा वाहिनी यांच्यासारखी छोटी सामुदायिक केंद्रं या बाबतीत उजवी, कारण तिथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला जातात.

आणि आता व्हॉट्सॲपच्या गावग्रुपवर भलतंच सुरू झालंय. मंचरच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की एक पोरगा अडत्याचा आवाज काढून मिनिटभराची व्हॉइस नोट टाकतो. दहा मिनिटांत दुसरा शेतकरी होऊन उत्तर देतो, तिसरी एक बाई शेतकऱ्याची बायको होऊन दोघांनाही झापते. कोणी लिहिलेलं नसतं, कोणी तपासलेलं नसतं. परवा अण्णांनीही एक नोट टाकली. मागे पाण्याची खळखळ, आणि बिबट्याच्या आवाजात तक्रार की, रोज तोच वग काय लावता, बदला की आता!