भरती सहा तासांची

सांगलीत जुलै उजाडला की माणसं भेटल्या भेटल्या ख्यालीखुशाली विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. उत्तर फुटांत येतं. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. त्यापुढं कोयनेतून किती सोडलंय, अलमट्टीतून पुढं किती जातंय, हे आकडे. क्युसेक हा शब्द आमच्याकडं भाजीवाल्या मावशीच्याही तोंडी असतो. बाकीच्या महाराष्ट्राला तो दूरदर्शनच्या बातम्यांत भेटतो, आम्हाला मेथीच्या जुडीबरोबर.

मी राहते विश्रामबागेत. सांगली आणि मिरज यांच्या मधली ही वस्ती. विलिंग्डन कॉलेज १९१९ सालचं, वालचंद कॉलेज १९४७ सालचं. पुराच्या काळात मात्र विश्रामबागेची ओळख वेगळीच असते, ती म्हणजे उंचावरचा भाग. गावभागात, मारुती चौकात पाणी शिरायला लागलं की नातेवाईक पिशव्या घेऊन आमच्याकडं येतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं होती. काकू आली ती एक पत्र्याची पेटी घेऊन. आमच्या दारात पाणी आलं नाही. पण रस्ते बंद, महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही आणि गंमत म्हणजे नळाला पाणी नाही. जिकडं बघावं तिकडं पाणी आणि हंडा कोरडा. त्या आठ दिवसांत 'बेट' हा शब्द मला पहिल्यांदा नीट कळला. शाळेत पाठ केलेल्या व्याख्येत चारी बाजूंना पाणी एवढंच होतं. दुधाची गाडी येणार नाही, हे व्याख्येत नव्हतं.

आणि ब्रह्मनाळ. ८ ऑगस्टला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट तिथं उलटली आणि सतरा जण गेले. कृष्णा आणि येरळा जिथं मिळतात तिथलं हे गाव. तेव्हापासून होडीत पाय ठेवायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. हरिपूरच्या संगमावर नावेत बसून पलीकडं जायला लहानपणी आम्ही भांडायचो. आता नातवंडं हट्ट करतात आणि मी काठावर चपला सांभाळत बसते.

एवढं सगळं सांगायचं कारण, २०२५च्या जानेवारीत मी घारापुरीला गेले. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला भाचीकडं गेले होते, तिनं रविवारी काढलं, "चल, लेणी बघून येऊ." लेणी मी लग्नानंतर लगेच पाहिली होती. त्या वेळच्या आठवणीत त्रिमूर्ती आहे, माकडानं हातातून पळवलेली काकडी आहे आणि नवी साडी समुद्राच्या पाण्यानं खराब झाल्याची हळहळ आहे. गाव नाही. तिथं गाव आहे हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

गेटवेपासून बोटीनं साधारण तासाभराचा रस्ता. महिन्यापूर्वीच, १८ डिसेंबरला, याच वाटेवर घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगातली बोट धडकली होती आणि पंधरा माणसं गेली होती. त्यामुळं त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात केशरी जाकिटं होती. कॉलेजची पोरं जाकीट घालून फोटो काढत होती. मी बंद तीनदा तपासले. भाची हसली, पण तिनंही हळूच आपला बंद आवळला. ब्रह्मनाळचं नाव मी काढलं नाही. काही नावं पाण्यावर असताना काढायची नसतात.

धक्क्यावर उतरलं की छोटी रेल्वेगाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं. माळा, दगडी हत्ती, टोप्या, कैरी, उकडलेलं कणीस. वर लेणं. त्रिमूर्तीपुढं गर्दी असते ती साहजिकच आहे. वीस फुटांच्या आसपासचा तो शांत चेहरा समोर आला की बोलणं आपोआप बंद होतं. पण मी या खेपेला त्रिमूर्तीच्या उजव्या हाताच्या पटापाशीच रेंगाळले. तो गंगाधराचा पट. शिव उभा, शेजारी पार्वती, पायाशी भगीरथ आणि वर, शिवाच्या डोक्याच्या वर, तीन तोंडांची एक छोटी स्त्रीमूर्ती. ती गंगा. हात तुटलेले. आकाशातून कोसळणारा अख्खा प्रवाह शिव जटेत घेतो आणि मग बेताबेतानं सोडतो. सांगलीच्या बाईला हे चित्र बघून काय वाटणार? मला विसर्ग आठवला. सगळं एकदम सोडलं तर खाली काय होतं, हे सहाव्या शतकातल्या त्या कारागिराला ठाऊक होतं. शिवाच्या चेहऱ्यावर कुठं ताण नाही, आणि हे मला जरा जास्तच वाटलं. आमच्याकडं दरवाजे उचलायची वेळ येते तेव्हा इतकं निवांत कुणी नसतं.

त्याच लेण्याच्या आवारात दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. लोक त्याच्याकडं बघून न बघता पुढं जातात. मला मात्र मूर्तींइतकंच ते महत्त्वाचं वाटलं. भोवती समुद्र असलेल्या बेटावर देव कोरायच्या आधी गोड्या पाण्याची सोय बघावी लागली असणार.

लेणी पाहून सगळे जण पायऱ्या उतरून परत धक्क्याकडं जातात. शेवटची बोट साडेपाचच्या सुमाराला, पर्यटकाला मुक्कामाची परवानगी नाही. घारापुरीत तीन वस्त्या आहेत, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तिन्ही मिळून हजार-बाराशे माणसं. तालुका उरण, जिल्हा रायगड, समोर मुंबई. भाचीला कणीस खाऊ घालून गप्प केलं आणि आम्ही मोराबंदरच्या वाटेला लागलो. पाच मिनिटांत दुकानं संपली, मागचा गलका संपला. झाडी, पाखरं, खाली तिवरांचा चिखल आणि त्या चिखलाचा वास. कृष्णेच्या चिखलाला असा वास नसतो. तिचा गाळ उतरतो तेव्हा घरभर कुजट, गोडसर काहीतरी दरवळतं आणि ते दिवाळीपर्यंत जात नाही.

वस्तीत शिरताना एका अंगणात जवळा वाळत घातला होता. जुन्या साडीवर पसरलेला, गुलाबी करडा. शेजारी एक बाई काठी घेऊन बसल्या होत्या, कावळ्यांसाठी. सत्तरीच्या असाव्यात. पाणी मागितलं. त्या उठून आत गेल्या आणि गार बाटली घेऊन आल्या. पडवीतच फ्रिज होता. त्यावर क्रोशाचं झाकण आणि दाराला कारखान्यातून आलेलं निळसर प्लास्टिक अजून तसंच चिकटलेलं. कडेला जरा सुटलं होतं, तिथं चिकटपट्टी लावली होती.

"लाईट आली आनि पयला फ्रीज आनला," त्या म्हणाल्या.

लाईट आली ती २०१८च्या फेब्रुवारीत. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर, मग कंदील. समोर मुंबई रात्रभर झगमगत होती, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेव्याच्या बंदराचे दिवे रात्रभर जळत होते आणि मध्ये हे गाव स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं अंधारात. आपल्या दारातून दुसऱ्याच्या घरातला उजेड बघत जेवायचं. मला एक उगाचच विचार आला. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं आणि पोफळीला त्याची वीज होते. जे इकडं उतरत नाही ते आमच्याकडं येतं. त्या फ्रिजच्या गारव्यात कोयनेचा वाटा किती, हे कोण सांगणार? पण बाटली हातात धरून मला वाटलं, चला, काही पाणी तरी सरळ मार्गानं आलं.

मावशींनी गाव विचारलं. सांगली म्हटल्यावर त्यांना पूर आठवला, टीव्हीवर पाहिलेला. मग त्यांनी फार गंभीरपणे विचारलं, "तुमच्याकडं पानी चरतं, मंग उतरतं कवा? सा तासानी?"

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात चढलेलं पाणी सहा तासांत उतरत आलंय. भरतीनंतर ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जरा जास्त वर, पण उतरणार त्याच हिशोबानं. म्हटलं, "नाही हो, आमच्याकडं आठ आठ दिवस."

त्यांनी काठी खाली ठेवली. "आठ दिस? मंग खाताव काय?"

उत्तर द्यायला मी जरा वेळ घेतला. खरं तर एखाद्या बेटावरच्या माणसाला हा प्रश्न मी विचारायला हवा होता. आठ दिवस आम्ही काय खाल्लं? भात, पिठलं, शेजारून आलेला शिरा, स्वयंसेवी मंडळींनी वाटलेली पाकिटं. घरात किती डाळ आहे, किती गॅस आहे, कुणाची कोणती गोळी किती दिवस पुरेल, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा मोजलं. मावशी हे रोज मोजतात. बोट येणार की नाही, वारा कसा आहे, पावसाळ्यात किती दिवस होडी निघणार नाही. रात्री कुणाला दुखायला लागलं तर काय, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, होडी काढायची, दुसरं काय. स्वर तक्रारीचा नव्हता. आपण रिक्षा बोलवायची म्हणतो, तसा होता. मला मात्र तक्रार वाटली. ज्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी इस्पितळं आहेत, त्यानं प्रसूतीसाठी भरतीची वेळ बघावी हे बरोबर नाही, आणि फक्त 'किती कणखर माणसं' असं म्हणून आपण सुटत नाही.

बोलता बोलता त्यांनी सांगितलं की घराची, जमिनीची कागदपत्रं इथं नाहीत. ती उरणला, भावाकडं. इथल्या खाऱ्या हवेत कागद टिकत नाही, शिवाय कुठल्याही कचेरीच्या कामाला शेवटी उरणलाच जायचं. मग कागद तिथं आणि माणसं इथं.

अंगणाच्या कडेला उभं राहिलं की खाडीपलीकडं बंदराच्या क्रेन दिसतात आणि उत्तरेला अटल सेतू. शिवडीहून न्हाव्याला जाणारा, जवळजवळ बावीस किलोमीटर लांब, २०२४च्या जानेवारीत सुरू झालेला. समुद्रावर आखलेली पेन्सिलीची रेघ. त्या रेघेवरून पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या धावताना इथून दिसत नाहीत, पण धावत असतात. सांगलीला आयर्विन पूल १९२९ साली झाला, तेव्हा पलीकडच्या गावांचं जगणं बदललं. हा पूल घारापुरीच्या बाजूनं निघून गेलाय. मी मावशींना विचारलं, कसा वाटतो? "रातचा बरा दिसतो," त्या म्हणाल्या. पुन्हा दुसऱ्याच्या उजेडाकडं बघणं आलंच. पण आता यांच्याही पडवीत ट्यूब आहे, एवढा फरक.

पाऊण तास बसलो असू. त्या एकीकडं बोलत होत्या, एकीकडं जवळा हातानं वरखाली करत होत्या. बोटांच्या टोकांना तो चिकटायचा, मग त्या साडीच्या कडेला बोटं पुसायच्या. निघताना वर्तमानपत्रात बांधून थोडा दिला, पैसे घेतले नाहीत. दोनदा म्हणाल्या, सांभाळून जा, पाच वाजून गेले की वारा वाढतो.

शेवटच्या बोटीला झुंबड होती. दिवसभर दुकान लावणारी काही मंडळी धक्क्यावर बाकावर बसून आम्हाला मोजत होती, म्हणजे मला तरी तसं वाटलं. गर्दी गेली की त्यांचं गाव त्यांना परत मिळणार होतं. आमच्यापैकी कुणीच ती रात्र बघणार नव्हतं. जाकिटाचे बंद मी पुन्हा तपासले. जवळ्याच्या पुडीला वास सुटला होता. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला आणि भाचीनं मला ओळखत नसल्यासारखं पाणी बघायला सुरुवात केली.

विश्रामबागेत आल्यावर जवळ्याची चटणी केली. चवीला काकूला बोलावलं. काकू गावभागातून आली, जेवली आणि नेहमीप्रमाणे माळ्याकडं बघून म्हणाली, "पेटी आहे ना तिथं?"

पेटी २०१९पासून तिथंच आहे. घराचा उतारा, काकांच्या पेन्शनची कागदं, दोन पैठण्या, देव्हाऱ्यातला एक चांदीचा गणपती. पूर उतरला, घर धुऊन झालं, रंग झाला, तरी तिनं ती नेली नाही. मध्ये २०२१ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा न नेल्याचं बरं वाटलं. दरवर्षी दिवाळीला ती म्हणते, या खेपेला नेते. मी तिला मोराबंदरच्या मावशींबद्दल सांगितलं, उरणला ठेवलेल्या कागदांबद्दलही. ती ऐकत राहिली. मग माझ्या मुलाला स्टूल लावून पेटी खाली काढायला लावली. उघडली, गणपती पदरानं पुसला, पैठणीच्या घडीत नवी लवंग टाकली, कागदं एकदा वरून चाचपली.

"नेणार आहेस का आता?" मी विचारलं.

"एवढा पावसाळा होऊ दे," ती म्हणाली. जानेवारी चालू होता.