खिन्न माता आणि आपले कर्तव्य

वाचकहो, बाळंतपणानंतर महिनोन्महिने खिन्न राहणाऱ्या मातेला आपण ‘सब्र कर, ईमान बळकट ठेव’ असे सांगून मोकळे होतो. हा न्याय आहे काय?

अल्लाहच्या कृपेविषयी निराश होणे निषिद्ध आहे, हे खरे. परंतु कृपा नाकारणे वेगळे आणि मनाच्या आजाराने खचणे वेगळे. हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी पुत्रवियोगाच्या दुःखाने गेली, तरीही त्यांचे ईमान ढळले नाही. सूरह मरयममध्ये हजरत मरयम (अ.) प्रसववेदनेत मृत्यूची इच्छा बोलून दाखवतात. त्यांची निर्भर्त्सना होत नाही. त्यांना सांत्वन, पाणी आणि ताजी खजूर लाभते. लोकांना उत्तरे देण्याचा भारही उतरविला जातो.

आता बालकाचा हक्क पाहा. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी मातांना काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळे प्रथम हसून, हात पुढे करून प्रतिसाद मागू लागली. तो न मिळताच व्याकूळ होऊन त्यांनी तोंड फिरविले. अशा प्रतिसादातूनच बालक भाषा आणि विश्वास शिकते. आईचे औदासीन्य दीर्घकाळ उपचाराविना राहिले, तर त्याच्या विकासाला बाधा येऊ शकते. वेळीच उपचार आणि घरातील इतरांची माया लाभल्यास ती टळूही शकते.

मग दोष एकट्या आईचा कसा? प्रेषितांनी (स.) आजारावर उपचार करण्याची शिकवण दिली आहे. तिला डॉक्टरांकडे नेणे, रात्री बाळ सांभाळणे, टोमण्यांपासून तिचे रक्षण करणे, हे पतीचे व कुटुंबाचे कर्तव्य आहे. सब्राचा उपदेश आधी स्वतःला करावा. तिला आधी आधार द्यावा.