रिकाम्या शब्दाचा हिशेब

१९९७ साली बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर आलेल्या ‘आय ॲम ॲलन पार्ट्रिज’ या विनोदी मालिकेतील एक प्रसंग वाणीच्या पापासंबंधी फार मूलगामी प्रश्न उपस्थित करतो. स्टीव्ह कूगन या नटाने उभा केलेला ॲलन दूरचित्रवाणीवरील आपले स्थान गमावून नॉरिच शहरी पहाटेचा रेडिओ-कार्यक्रम चालवीत असतो. शेतकऱ्यांविषयी तो वाटेल ते बरळतो, ते संतापतात, आणि दिलगिरी व्यक्त करण्यासाठी त्यांच्या प्रतिनिधीला कार्यक्रमात पाचारण केले जाते. आदल्याच वर्षी गाईंच्या मेंदूरोगाचा मनुष्याच्या प्राणघातक व्याधीशी संबंध असण्याची शक्यता ब्रिटिश सरकारने कबूल केली होती, व युरोपने ब्रिटिश गोमांसावर बंदी घातली होती. त्या वर्गाची जखम अजून ओली होती. परंतु माफीनामा राहतो बाजूलाच, आणि शेतकरी हंसांना बर्गर चारतात इथपर्यंत ॲलनच्या आरोपांची मजल जाते.

शेतकऱ्यांचा त्याला द्वेष आहे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. हे आरोप कोणालाही खरे वाटण्याजोगे नाहीत, खुद्द त्यालाही नाहीत. घटका भरून काढायची आहे म्हणून शब्द येत आहेत, एवढेच. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात वाणीची जी चार पापे सांगितली आहेत, त्यांत कठोर भाषण, असत्य आणि चहाडी यांच्या पंक्तीला असंबद्ध प्रलापही बसविला आहे. आणि मनुष्याच्या प्रत्येक व्यर्थ शब्दाचा न्यायाच्या दिवशी जाब द्यावा लागेल, असे मत्तयाच्या शुभवर्तमानातही येशूने बजावले आहे. (ॲलनची सहायिका लिन बॅप्टिस्ट पंथाची आहे, तिला हे वचन खचित ठाऊक असणार.) निरुपद्रवी बडबडीला एवढी कठोर शिक्षा का, असे कोणी विचारील. मला ती यथायोग्य वाटते. कठोर शब्दाच्या मागे निदान क्रोध तरी असतो, आणि क्रोध ओसरला म्हणजे तोच मनुष्य परत येऊन त्या शब्दाची जबाबदारी पत्करू शकतो. रिकाम्या शब्दाला मात्र कोणी धनीच नसतो. पापाची उघड कबुली, अनुताप आणि पुन्हा न करण्याचा निश्चय यांनी शुद्धी होते असे स्मृती सांगते, पण जो शब्द उच्चारताना मनुष्य त्यात हजरच नव्हता, त्याबद्दल अनुताप करावा कोणी?

पुढे ॲलन नावेवर एका जाहिरातीचे चित्रण करीत असता शेतकरी पुलावरून त्याच्या अंगावर मेलेली गाय टाकतात, आणि हिशेब चुकता झाला असे समजून प्रेक्षक हसतो. माझ्या मते तो चुकता झालेला नाही. ॲलनला पीडा झाली, प्रायश्चित्त घडले नाही. आणि हिंसादी दोषांचे कृत, कारित व अनुमोदित असे तीन प्रकार पतंजलीने मानले असल्यामुळे, क्षणभराच्या शांततेलाही कसूर समजणाऱ्या रेडिओ-केंद्राचे आणि प्रत्येक अचाट वाक्यासाठी कान टवकारणाऱ्या श्रोत्यांचे देणे तर त्या पुलाखाली विचारातही घेतले गेले नव्हते.