बर्नींची पंधरा हजार मतं

१८४४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात १५,८१२ जणांनी जेम्स बर्नी यांना मत दिलं. बर्नी निवडून येणार नाहीत, हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक होतं. त्यांच्या 'लिबर्टी पार्टी'चा मुद्दा एकच होता: गुलामगिरी संपवणं. मत देणाऱ्यांत चर्चला नेमाने जाणारी, देवभीरू माणसं पुष्कळ होती. माणसाला मालमत्ता करणं हे पाप आणि गुलाममालकाला मत देणं म्हणजे त्या पापात वाटा उचलणं, असं ती मनापासून मानत. स्वतः बर्नी केंटकीतल्या गुलाममालक घराण्यातले. आपल्याकडचे गुलाम त्यांनी मुक्त केले होते. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं.

समोर दोन मोठे उमेदवार होते. जेम्स पोल्क टेक्सास देशात सामील करून घ्यायला उतावीळ होते, म्हणजे गुलामगिरीला नवा मुलूख मिळणार. हेन्री क्ले यांनी एप्रिलमध्ये त्याला जाहीर विरोध केला, पण दक्षिणेतल्या मतांसाठी उन्हाळ्यात तो पातळ केला. शिवाय क्लेही गुलाममालकच. बर्नींच्या मतदारांनी दोघांनाही नाकारलं.

न्यूयॉर्कमध्ये पोल्क ५,१०६ मतांनी जिंकले. ते एक राज्य क्लेंकडे गेलं असतं, तर क्ले अध्यक्ष झाले असते. त्याला बर्नींच्या मतांचा तिसरा हिस्सा पुरला असता. अर्थात बर्नी नसते तर यातले कितीतरी जण घरीच बसले असते, म्हणून सगळा दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण पुढच्या वर्षाअखेरीस टेक्सास गुलामगिरीसह संघराज्यात आलं आणि १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध जुंपलं. हात स्वच्छ राहिले ते मतदारांचे. टेक्सासात कापूस वेचायला नेलेल्या माणसाला मतच नव्हतं.

मत नेमकं कशासाठी द्यायचं? देवापुढे आपली साक्ष म्हणून, की ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांच्यासाठी?

हाच पेच विसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॅथलिकांपुढे गर्भपाताच्या रूपाने आला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केल्यावर अनेक श्रद्धाळूंनी उमेदवाराची पारख त्या एकाच कसोटीवर करायला सुरुवात केली. १९८३ च्या डिसेंबरात शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात वेगळी मांडणी केली. गर्भपात, अण्वस्त्रं, फाशीची शिक्षा हे सगळे जीवनाच्या आदराचेच प्रश्न आहेत आणि ते एकत्र पाहायला हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळे प्रश्न सारखे केल्याने मुख्य प्रश्न बोथट होतो, अशी टीका त्यांच्यावर झाली. तिच्यात तथ्य आहे. सगळी पापं एका मापाची नसतात. पण कडवे समजले जाणारे कार्डिनल रात्झिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट, यांनीही २००४ मध्ये अमेरिकी बिशपांना वाट मोकळी ठेवली. गर्भपाताला पाठिंबा देणाऱ्याला त्या पाठिंब्यासाठीच मत देणं निषिद्ध. पण ती भूमिका अमान्य असून इतर कारणांसाठी मत दिलं आणि ती कारणं तेवढीच वजनदार असली, तर ते चालू शकतं. म्हणजे तराजू श्रद्धावंताच्याच हातात राहिला, आणि वजन करण्याचे कष्टही.

हे कष्ट टाळल्याने मुद्द्याचंही नुकसान होतं. एका वाक्यावर ज्याचं मत मिळतं, त्याच्यासाठी उमेदवार ते वाक्य पाठ करतो. बाकीचा हिशेब त्याला कुणी मागत नाही. गुलामगिरीविरोधाला सत्ता मिळाली ती १८६० मध्ये, लिंकन यांच्या पक्षाकडून. त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्या मुलखात गुलामगिरी पसरू न देण्याबरोबरच कसणाऱ्याला मोफत जमीन, उद्योगांना संरक्षण देणारी जकात आणि पॅसिफिकपर्यंतचा रेल्वेमार्ग होता. बर्नींचा प्रश्न इतरांच्या पोटापाण्याच्या प्रश्नांशेजारी बसला, तेव्हा त्याला बहुमताची वाट सापडली.

एकाच प्रश्नावर मत द्यायची रास्त जागा महाराष्ट्राला चांगली माहीत आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. नोंदणी झालेल्या महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. जी येत नाही, तिची गैरहजेरी दुकानाच्या पथ्यावर पडते, म्हणून बायका घरोघर फिरून एकमेकींना बाहेर काढतात. तिथे प्रश्न एक, उत्तर एक, आणि निवडून कुणीच येत नाही. सरपंचाच्या निवडणुकीत मात्र त्याच बाईच्या मताने एक माणूस पाच वर्षं नळयोजना, गायरान, घरकुलाची यादी आणि दारूबंदीचा ठराव, सगळंच हाताळायला बसतो. त्याच्याकडून दारूबंदीचा शब्द तिने जरूर घ्यावा, आणि त्याच दमात घरकुलाच्या यादीत कुणाची नावं आहेत हेही विचारावं.