नळीतली हवा

दिंडीतल्या वृद्धांना निजावयास म्हणून आम्ही वर्गणीतून एक जुनी बस घेतली. "सौदा मी केला" असे मी दहाजणांत मिरवलो. माउलींच्या प्रस्थानास आठच दिवस उरलेले. आणि पुण्याहून गाडी घरी आणताना खंबाटकी घाटात ती बंद पडली! टाकीत डिझेल भरपूर, पण नळीत हवा शिरलेली. मिस्त्रीने नट सैल करून हातपंप मारला. बुडबुडे निघून गेले, निव्वळ डिझेल आले, तसे इंजिन बोलू लागले. तो म्हणाला, "महाराज, एवढीशी हवा एवढी गाडी अडवते." मी मान खाली घातली. बाबांनो, कृपेची टाकी भरलेलीच आहे. अडवते ती आपल्या डोक्यातली 'मी'पणाची हवा. ती नामाने काढावी. गाडी घरी पोचली, ती विठोबाने आणली, मी नव्हे. रामकृष्णहरि!